चित्र दाखवायचं कुणाला, कधी आणि काय विचारून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, अंबडला एका कारखान्यात स्टोअर्सचं काम बघतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी जलरंग सुरू केले. घरचे आणि फॅमिली ग्रुपवरचे सगळे प्रत्येक चित्राला 'मस्त', 'एक नंबर' म्हणतात. मग एका प्रदर्शनात भेटलेल्या ज्येष्ठ चित्रकाराला त्यांनी मोबाइलवर चार चित्रं दाखवली. ते म्हणाले, "हा सगळा चिखल आहे. आधी ड्रॉइंग शिका." तेव्हापासून दीड महिना ब्रश हातात नाही. शिवाय मुलगी नववीत आहे, तीही चित्रं काढते. तिचं कौतुक करायचं की तिच्या चुका दाखवायच्या, हाही प्रश्न आहेच.

ताई, आधी त्या चिखलाचं बघू. तुम्हाला तो शब्द जेवढा लागला तेवढा तो मोठा नाही. जलरंगवाल्यांच्या तोंडात तो रोजचा आहे. मी सव्वीस वर्षं नाशकात जलरंग शिकवतोय आणि मागच्याच आठवड्यात माझ्या कागदावर दोनदा चिखल झाला.

तो होतो कसा? वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, अर्धवट वाळलेला असतो, वरची चमक नुकतीच गेलेली असते आणि आपल्याला राहवत नाही. 'इथे जरा गडद हवं' म्हणून आपण ब्रश घालतो. खालचा रंग सुटतो, वरचा त्यात कालवला जातो आणि कागदाच्या पांढऱ्यावरून परत येणारा उजेड बंद होतो. जलरंगाची सगळी गंमत त्या उजेडात असते. दुसरं कारण पाण्याचा डबा. ज्यात ब्रश धुतला त्याच पाण्याने आकाश रंगवलं तर आकाश फरशी पुसायच्या फडक्यासारखं दिसणार. तिसरं म्हणजे पॅलेटवर पाच-सहा रंग एकत्र घोळणं. गोदाघाटाच्या काळ्या दगडाला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे दोनच पुरतात. निळा वाढवला की सावलीतला दगड, तांबूस वाढवला की उन्हातला. त्यात हिरवा, जांभळा आणि वर ट्यूबमधला काळा घातला की संपलं.

म्हणजे त्या गृहस्थांचं म्हणणं बहुधा बरोबर असणार. पण बरोबर असूनही ते तुमच्या काही कामाचं नव्हतं. 'डबे दोन ठेवा' एवढं ते म्हणाले असते तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी डबा शोधला असता. 'सगळा चिखल' म्हटल्यावर माणूस काय शोधणार? त्यात मोबाइलच्या पडद्यावर जलरंग बघून मत देणं मला कधीच पटलेलं नाही. घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत माझीही चित्रं मळकी दिसतात.

'आधी ड्रॉइंग शिका' याबद्दल एवढंच, की ड्रॉइंग 'आधी' शिकून संपत नाही. रंगवता रंगवताच ते येतं. रोज दहा मिनिटं २बी पेन्सिल घेऊन समोरचा कुकर, चप्पल, स्टोअर्समधलं रॅक जे दिसेल ते काढा. त्यासाठी ब्रश खाली ठेवायची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. कौतुक बरं की टीका, असं मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. माझ्या अनुभवात या दोघांत फारसा फरक नाही. दोन्ही शब्द कागदावर पडले तर कामाचे, माणसावर पडले तर बाधतात. 'तुझ्या हातात जादू आहे' आणि 'तुझा हातच नाही' ही एकाच जातीची वाक्यं आहेत. दोन्ही हाताबद्दल बोलतात. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काय बिघडलंय किंवा काय जमून गेलंय, ते दोन्हींत कुठेच नाही.

आणि वेळ. वॉश वाळला का ते बघायला आम्ही कागदाला हाताची मागची बाजू लावतो. गार लागला तर आत अजून ओल आहे, वरून कितीही कोरडा दिसू दे. एप्रिलमध्ये घाटावर बसलात तर वॉश दोन-तीन मिनिटांत वाळतो. जुलैमध्ये घरात पंखा लावूनही अर्धा तास दमट राहतो. तीच घाई दोन्ही ऋतूंत केली तर एकात चालून जाते, दुसऱ्यात चित्र जातं. नुकतं चित्र संपवलेला नवशिका असाच आतून ओला असतो. दोन तास त्याने श्वास रोखून काम केलेलं असतं. त्या क्षणी तुम्ही कितीही योग्य सूचना करा, ती चित्रात जात नाही, त्याच्यात जाते आणि तिथे डाग धरते. म्हणून माझ्या वर्गात चित्र संपल्यावर त्या दिवशी कुणी काही बोलत नाही. मीही नाही. सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची, चहा घ्यायचा, घरी जायचं. बोलायचं ते पुढच्या रविवारी. आठ दिवसांत निम्म्या चुका ज्याच्या त्याला दिसलेल्या असतात आणि माझं निम्मं काम वाचतं.

हा नियम मी पुस्तकात वाचून केलेला नाही, एक मुलगा घालवून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी यायचा. रेषा इतकी पक्की की मला हेवा वाटावा. पण झाडं रंगवली की ती विटकरी व्हायची. एकदा मी सगळ्यांसमोर हसत म्हणालो, "अरे, तुला रंग दिसतात का रे बाबा?" वर्ग हसला, तोही हसला आणि पुढच्या रविवारपासून यायचा बंद झाला. वर्षभराने कॉलेज रोडवर भेटला. म्हणाला, "सर, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. तपासून घेतलं. लाल-हिरव्यातला फरक मला नीट कळत नाही." माझ्या विनोदाने त्याचं निदान केलं असं म्हणून मी मिरवू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर मी त्याला 'हे झाड या रंगाचं का केलंस?' एवढं साधं कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं आणि त्याला शाई आणि बोरू हातात देता आला असता. आता तो काळ्या शाईत वाड्यांची चित्रं करतो, फार सुरेख करतो. माझ्याकडे मात्र नाही शिकला.

उलट बाजूही सांगतो, कारण 'मस्त'चं नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे येत. वयाने मोठे, स्वभावाने गोड, वर्गाला दर वेळी घरचा चिवडा आणणारे. त्यांनी फोटोवरून रामकुंड रंगवायला घेतलं आणि पहिल्या चित्राला मी 'छान जमलंय काका' म्हणालो. तसं ते बऱ्यापैकी जमलंही होतं. पुढची दोन वर्षं काकांनी तोच फोटो, तोच कोन, तेच निळं पाणी काढलं. नातेवाइकांना भेट द्यायला, वास्तुशांतीला, मुंजीला. दर वेळी मी 'छान' म्हणालो. काय करणार, भीड पडायची. शेवटी काका स्वतःच एकदा म्हणाले, "मला आता कंटाळा आलाय, पण दुसरं काढलं आणि नाही जमलं तर?" दोन वर्षं मी त्यांना 'छान'च्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. ज्या गोष्टीला शाबासकी मिळाली ती सोडून न जमणाऱ्या गोष्टीत हात घालायला माणूस भितो.

याचा प्रयोगही झालेला आहे आणि तो नेमका चित्रकलेचाच आहे. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगचं रानगुलाबांचं चित्र बघून काढायला दिलं आणि एक व्यावसायिक चित्रकार तुमचं चित्र बघणार आहे असं सांगितलं. मग त्या चित्रकाराची म्हणून चिठ्ठी दिली. काहींना 'सुंदर काढलंस', काहींना 'विलक्षण सुंदर काढलंस', काहींना कौतुकाचा शब्दच नाही. पुढचं चित्र सोपं घ्यायचं की अवघड, हे मुलांनी ठरवायचं होतं. ज्या मुलांना स्वतःबद्दल फार खात्री नव्हती, ती 'विलक्षण' ऐकल्यावर सोप्याकडे वळली. स्वतःवर भरवसा असलेली मुलं त्याच शब्दाने अवघडाकडे गेली. म्हणजे फुगवलेलं कौतुक ज्याला आधाराची गरज आहे असं आपल्याला वाटतं, त्याच मुलाला ते मागे ओढतं. मला हे वाचून काका आठवले.

तुमच्या लेकीसाठी आणखी एक जुना प्रयोग सांगतो. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी तो मांडला. बालवाडीतल्या, स्केचपेनने चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात मोकळे ठेवले. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं, ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र तशीच राहिली होती.

हे आपल्याकडे मी दरवर्षी बघतो. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा होते, इंटरमिजिएट होते, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. परीक्षा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांनी हात बसतो आणि मीही त्याच वाटेने आलो. पण घरात 'ए ग्रेड आली पाहिजे हं' हे वाक्य वर्षभर घुमत राहिलं तर पोरगी चित्र काढत नसते, ग्रेड काढत असते. तुमची लेक नववीत आहे, म्हणजे ती बहुधा या फेऱ्यातच असेल. तिच्यासाठी एक वही अशी ठेवा, की जी कुणी मागायची नाही. तुम्हीसुद्धा नाही. तिने आपण होऊन दाखवली तर बघा.

बघून काय बोलायचं? जे दिसलं ते. 'किती गोड काढलंस!' ऐवजी 'या म्हातारीच्या हातावरच्या शिरा तू कशा काढल्यास गं?' बास. तिला कळतं की आई खरंच बघतेय. चूक दिसली तर एकच धरायची आणि तीही तिने विचारल्यावर. माझ्या वर्गात एका चित्राला एकच सूचना मिळते. मला सात दिसतात, सहा मी गिळतो. आधी हे जमायचं नाही. आमच्याकडे मोठ्या आवाजाच्या माणसाला, गोदाकाठच्या मंदिरातल्या मोठ्या घंटेवरून, नारोशंकराची घंटा म्हणतात आणि तरुणपणी वर्गात मला मागून तेच नाव होतं.

आता तुमचं. ज्यांना चित्रकलेतलं काही कळत नाही त्यांनी दिलेल्या 'मस्त'ला किंमत नाही, असं तुम्हाला वाटायला लागलंय हे तुमच्या प्रश्नावरून जाणवतं. तिथे थोडं थांबा. मला मिळालेल्या सगळ्यात उपयोगी सूचनांपैकी एक घाटावरच्या सात-आठ वर्षांच्या पोराने दिली होती. रामकुंडाजवळ बसून रंगवत होतो. घाटावर चित्र काढायचं म्हणजे मागे गर्दी आलीच. फुलं विकणाऱ्या बाया, यात्रेकरू, शेंगदाणे खात उभे राहणारे बापे. मी पायऱ्यांवर एक धोतर नेसलेला माणूस टाकला आणि स्वतःवर खूश झालो. मागून पोरगं म्हणालं, "काका, हा माणूस उडतोय का?" बघतो तर खरंच, मी पायाखाली सावली टाकलीच नव्हती. माणूस पायरीपासून वीतभर वर तरंगत होता. ब्रशचा एक आडवा फटकारा मारला आणि तो खाली उतरला. त्या पोराला परस्पेक्टिव्ह माहीत नव्हतं, कास्ट शॅडो माहीत नव्हती. त्याला काय दिसतंय ते मात्र तो प्रामाणिकपणे बोलला.

तुमच्या घरात असे डोळे आहेत. त्यांना तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारताय. 'कसं झालंय?' म्हटलं की सासूबाई 'छान' म्हणणार, दुसरं काय म्हणतील? घरातल्या बाईने एवढ्या हौसेने काही केलंय, त्याला नावं कोण ठेवील. त्याऐवजी विचारा, 'तुमची नजर आधी कुठे गेली?' किंवा 'हे सकाळचं वाटतं की संध्याकाळचं?' किंवा 'यातलं काय झाकून टाकावंसं वाटतं?' याची उत्तरं त्या खरी देतील, कारण त्यात तुम्हाला दुखवण्यासारखं काही नाही. तुम्ही सकाळ रंगवली आणि तिघांनी संध्याकाळ सांगितली, तर तुमचे रंग जास्त तांबूस झाले आहेत. जाणकाराकडे जाल तेव्हाही असाच नेमका प्रश्न घेऊन जा आणि मूळ कागद घेऊन जा. 'माझ्या सावल्या मळतात, कुठे चुकतंय?' असं विचारणाऱ्याला 'सगळा चिखल' असं उत्तर देणं अवघड जातं. आणि तरीही कुणी दिलंच, तर तो त्याचा दिवस वाईट आहे असं समजून चहा पिऊन निघायचं.

प्रोत्साहन म्हणजे गोड बोलणं, असा आपला समज झालाय, तोही जरा तपासून बघण्यासारखा आहे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१२ मध्ये त्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला तेव्हा सिनेमा काढणं म्हणजे खूळच होतं. पैसे घालणाऱ्यांना पटावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या अंकुराची वाढ चित्रित करून दाखवली होती. त्या काळात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी काय केलं? दागिने दिले, कच्च्या फिल्मला अंधारात हाताने छिद्रं पाडली, चित्रीकरणाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्या नवऱ्याला 'तुम्ही थोर कलावंत आहात' म्हणाल्या की नाही, कोण जाणे. मला त्या छिद्रांचं महत्त्व जास्त वाटतं. तुमच्या नवऱ्याला सांगा, 'एक नंबर' म्हटलं नाही तरी चालेल, रविवारी सकाळी तीन तास स्वयंपाकघर सांभाळा. नवशिक्याला त्याहून मोठं प्रोत्साहन मला माहीत नाही.

राहता राहिलं, आपण पुढे सरकतोय की नाही हे कळायचं कसं. लोकांच्या शब्दांवरून कळत नाही. शब्द वर-खाली होतात. नाशिककर पूर कसा मोजतात? गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं. मारुती जागचा हलत नाही म्हणून पाणी मोजता येतं. तुमचाही एक मारुती ठरवा. एकच जागा, एकच आकाराचा कागद, दर महिन्याला एकदा. ३०० जीएसएमचा जाड कागद महाग पडतो, त्याचा पाव तुकडा पुरे. चित्राच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि किती वेळ लागला एवढंच लिहायचं. फाडायचं नाही, कुणाला भेट द्यायचं नाही. सहा झाले की जमिनीवर ओळीने मांडा. तिसऱ्यापर्यंत पाणी कुठे होतं आणि सहाव्याला कुठे आलं, ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

जागा सुचवू का? नारोशंकराच्या समोरचा काठ. १७४७ सालचं मंदिर, आणि सकाळी या बाजूने बघितलं की ऊन त्याच्या पाठीमागून येतं. त्यामुळे कोरीवकाम काही दिसत नाही, नुसता काळपट आकार आणि त्यामागे उजळ आकाश. नवशिक्याला हेच बरं. तपशील दिसले की हात त्यांच्यामागे धावतो आणि चिखल होतो. डोळे बारीक करून बघा, फक्त तीन छटा धरा: आकाश, दगड आणि पाणी. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि एखादा पिवळा, बाकी ट्यूब घरी ठेवा. बारा नंबरचा गोल ब्रश एकच न्या, बारीक ब्रश नेलात की कोरीवकाम सुरू होईल. पाऊण तासाने थांबायचं, चित्र कसंही असो.

येत्या रविवारी सातच्या आत पोचा, नंतर गर्दी वाढते. लेकीला बरोबर न्या, पण तिला वेगळ्या पायरीवर बसवा आणि घरी येईपर्यंत तिच्या कागदात डोकावू नका. आणि पाण्याचे डबे दोन घ्या, दोन्ही घरून भरून. घाटावरचं पाणी वापरलंत तर आकाश हिरवट येतं.